सहा-सात माणसं, साडेअकरा लाख: तीन रांगांची कुठली गाडी घ्यावी?

चिंचवडी

मंडळी, मदत हवी आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (वय ९ आणि ४), आई आणि बाबा. जुनी हॅचबॅक आता पुरत नाही. गाव राजापूरजवळ. गणपती, मे महिना आणि मधूनच एखादी लग्नकार्याची खेप ठरलेली. गणपतीत बहीणही सोबत असते, म्हणजे सात. ऑफिसला कंपनीची बस आहे, त्यामुळे गाडी रोज बाहेर निघत नाही. वर्षाचं रनिंग आठेक हजार किलोमीटर.

बजेट ऑन-रोड साडेअकरा, फार ताणलं तर बारा. त्यावर हप्ता झेपणार नाही. एसयूव्हीच हवी असं मुलाचं म्हणणं, चढायला सोपी हवी असं आईचं (गुडघे), आणि 'घाटात दम लागता कामा नये' असं बाबांचं. सध्या यादीत अर्टिगा, ट्रायबर आणि बोलेरो निओ आहेत. अनुभव सांगा. भांडणं केलीत तरी चालतील, फक्त गाडीवरून करा.

टवाळ

मुलाला एसयूव्ही, आईला पायरी, बाबांना इंजिन. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते लिहायचं राहिलंय का घरात विचारलंच नाही कुणी?

पिस्टन

आधी एक स्पष्ट करू. बारा लाखांत सात जणांची खरी एसयूव्ही म्हणजे बोलेरो घराणं, बस्स. अर्टिगा आणि ट्रायबर या एमपीव्ही (माणसं वाहणाऱ्या घरगुती गाड्या) आहेत, बाजूला कितीही काळं प्लास्टिक लावलं तरी. बोलेरो निओला शिडीसारखी चासी, मागच्या चाकांना ताकद, दीड लिटर डिझेल, १०० पीएस ताकद आणि २६० एनएम टॉर्क (म्हणजे खेच). वरच्या एका व्हेरिअंटमध्ये मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलही मिळतं, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. पावसाळ्यात गावच्या लाल चिखलात त्याची किंमत कळते.

मोगरा

@पिस्टन, लाल चिखलात आजी कुठे बसणार तेही सांगा की. बोलेरो निओची शेवटची रांग म्हणजे समोरासमोरच्या दोन आडव्या जंप सीट. मागचं दार उघडून चढायचं आणि गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. आमच्याकडे अशा सीटची वेगळी गाडी होती. घाटात आडवं बसलं की मुलं पहिल्या चार वळणांत हिरवी-पिवळी व्हायची. शिवाय नऊ आणि चार वर्षांच्या मुलांना आडव्या सीटवर बसवायचं म्हणजे अपघाताचा विचारच सोडायचा. समोर तोंड असलेली सीट, तीन टोकांचा पट्टा आणि हेडरेस्ट, एवढं नसेल तर ती रांग माणसांसाठी नाही, सामानासाठी आहे.

चिंचवडी, नऊवाडी साडी नेसणाऱ्या सासूबाईंना उंच गाडीत चढवायचा अनुभव हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टवाळ

नऊवारी हो, नऊवाडी नव्हे. नऊवाड्या चढल्या तर मोठी बसच लागेल.

मोगरा

टायपो पकडायला बरा वेळ असतो तुम्हाला. नऊवारी.

हिशेबनीस

आकडे घेऊन आलोय. कंटाळा आला तर खालच्या प्रतिसादावर जा.

या तीन गाड्यांच्या किमतींमागे चार मीटरची रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लांबी ४००० मिमीच्या आत आणि इंजिन पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. ट्रायबर ३९९० मिमी आणि ९९९ सीसी, म्हणजे १८ मध्ये. बोलेरो निओसुद्धा चार मीटरच्या आत आणि १५०० सीसीच्या आत, तीही १८ मध्ये. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर, १४६२ सीसी, म्हणून ४० मध्ये. आधी अर्टिगावर सेस धरून ४५ होता, तर तिलाही थोडा दिलासा मिळाला, पण दरी रुंदावली. कारखान्याची मूळ किंमत ७ लाख धरली तर एकीकडे कर १ लाख २६ हजार, दुसरीकडे २ लाख ८० हजार.

मग आपला महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोल ११ टक्के, डिझेल १३. दहा ते वीस लाखांत अनुक्रमे १२ आणि १४. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढून ८ आणि ९. कंपनीच्या नावावर घ्यायचा मोह असेल तर टॅक्स २० टक्के, विसरा.

थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनी १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०. त्यावर जीएसटी.

थोडक्यात, ट्रायबर सगळीकडून स्वस्त पडते, आणि ती पडावी म्हणूनच एक सेंटिमीटर आखूड बनवली आहे.

घाटरस्ता

वरचा हिशेब उत्तम. फक्त राजापूरच्या वाटेवरचा अनुस्कुरा घाट जीएसटी बघून सोपा होत नाही :)

ट्रायबर: ७२ पीएस, ९६ एनएम. अर्टिगा: १०० च्या वर पीएस, १३७ च्या आसपास एनएम. ट्रायबर हलकी आहे हे खरं, पण सात माणसं बसली की साडेचारशे किलोच्या आसपास वजन चढतं, आणि ते दोघींवर सारखंच चढतं. हलक्या गाडीला तेच वजन जास्त जाणवतं. चौघं बसून टेस्ट ड्राइव्ह घेतली तर दोन्ही गाड्या छान वाटतील. तुम्ही मलकापूरकडून येऊन अनुस्कुरा उतरत असाल तर जाताना काही वाटणार नाही. परतीच्या वाटेवर, नारळ, तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या भरून वर चढताना इंजिन कळतं. ट्रायबर दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावत चढेल. चढणार नाही असं नाही. घाई नसेल, समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायची हौस नसेल तर चालतं.

रेवती७

आमच्याकडे ट्रायबर आहे, चार वर्षं होत आली. घरात पाच माणसं. शेवटची रांग उचलून घरी माळ्यावर ठेवली आहे. ती सुटी निघते हे तिचं खरं वैशिष्ट्य. काढली की डिकी ६२५ लिटर. बाबांची व्हीलचेअर, दोन बॅगा, मुलीची सायकल सगळं मावतं. आई-बाबा येतात तेव्हा सीट परत लावतो. तिन्ही रांगांना एसीचे झरोके आहेत. पार्किंग जुन्या सोसायटीत, दोन खांबांच्या मध्ये. चाळीस सेंटिमीटर लांब गाडी तिथे मावलीच नसती.

सातजण नेहमीच असतील तर मात्र मी दुसरी घेतली असती.

आबा वाईकर

आमचं म्हातारपणाचं मत ऐका. वर्षातून दोनदा-तीनदा सात माणसं. त्यासाठी बारा लाखांचं लोढणं कशाला? घरच्या रोजच्या वापराला सहा-सात लाखांची छोटी गाडी घ्या. गावाला जाताना ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने करा. पाय पसरून बसा, शेंगदाणे खात जा, घाटात झोपा. वरचे पाच लाख मुदत ठेवीत टाका, व्याजात इनोव्हाचं भाडं निघेल.

कोकणकडा

आबा, मुंबई-पुण्यातून गणपतीच्या आदल्या आठवड्यात इनोव्हा मिळवून दाखवा, मी तुमच्या दारात उकडीचे मोदक पोचवतो. मिळाली तरी भाडं कितीतरी पट. आणि भाड्याचा हिशेब दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरून होतो, गाडी गावात अंगणात उभी राहिली तरी. गणपतीत पाच दिवस उभीच असते. वर ड्रायव्हरची राहायची-जेवायची सोय.

आबा वाईकर

मोदक आधी पाठवा, इनोव्हा बघतो.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत तीन रांगांची गाडी म्हणजे पाच मीटरची धूड, आणि त्यात बहुतेक वेळा एकटा माणूस कॉफी पीत जात असतो. तुमचे सेंटिमीटरचे हिशेब वाचून मजा वाटली.

टवाळ

आमच्याकडे एका स्कूटरवर चार जण तीन रांगांत बसतात. गाडीचा विषय चाललाय म्हणून सांगितलं नाही.

पिस्टन

@मोगरा, जंप सीटचा मुद्दा मान्य. मुलांसाठी नकोच. पण डिझेलचा खेच मागे पडल्यावर कुणी डोळे पुसू नका.

हिशेबनीस

आता सीएनजीचं. धागाकर्त्यांनी विचारलं नाही, पण शोरूमवाला विचारणारच.

अर्टिगा कागदावर पेट्रोलला लिटरमागे साडेवीस आणि सीएनजीला किलोमागे २६ देते. प्रत्यक्षात माणसं भरून, एसी लावून, शहर-हायवे मिळून पेट्रोलला १५ आणि सीएनजीला २१ धरू. पेट्रोल १०४, सीएनजी ९० धरलं तर किलोमीटरला सुमारे सात रुपये विरुद्ध सव्वाचार. बचत पावणेतीनच्या आत. एकाच व्हेरिअंटला सीएनजीचे वरचे साधारण नव्वद हजार, त्यातले दहाएक हजार कमी रोड टॅक्समुळे परत. उरले ऐंशी हजार. ते वसूल व्हायला तीस हजार किलोमीटर. चिंचवडींच्या रनिंगने जवळजवळ चार वर्षं. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याने डोळे मिटून सीएनजी घ्यावी. यांनी उघडे ठेवून घ्यावी.

कोकणकडा

आणि सिलिंडर डिकीत असतो हे लिहा की! अर्टिगाची तिन्ही रांगा उघड्या असताना डिकी २०९ लिटर. त्यात सिलिंडर. सात माणसांच्या बॅगा कुठे? मांडीवर. शिवाय सुट्टीच्या दिवसांत हायवेच्या सीएनजी पंपावरची रांग बघितली आहे का? लोक चादर अंथरून बसलेले असतात. पंपावर भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, म्हणजे आजीला पुन्हा एकदा चढवणं-उतरवणं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), ती वेगळी.

मोगरा

खरा मुद्दा आता आला. डिकी! सगळे तीन रांगा तीन रांगा करतात, पण सातही जण बसल्यावर सामान जातं कुठे ते कुणी बघत नाही. ट्रायबरची डिकी सात बसल्यावर ८४ लिटर. म्हणजे दोन लॅपटॉपच्या बॅगा आणि एक डबा. अर्टिगाची २०९, म्हणजे विमानात नेतो तशा दोन केबिन बॅगा आणि फटीत कोंबलेल्या पिशव्या. किआ कारेन्सची २१६, तीही तेवढीच. सात माणसं अधिक गणपतीचं सामान म्हणजे टपावर कॅरिअर आलाच, कुठलीही गाडी घ्या. सहा जण असतील तर शेवटच्या रांगेची अर्धी सीट पाडून प्रश्न सुटतो. अर्टिगात ५०:५० पडते.

चिंचवडी, म्हणून विचारा स्वतःला, सात जण खरंच किती वेळा? बहीण एसटीने किंवा कोकण रेल्वेने आली आणि तुम्ही तिला राजापूर रोडला घ्यायला गेलात तर?

चिंचवडी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. @मोगरा, बहिणीला रेल्वेने ये म्हटलं तर माहेर तोडल्यासारखं होईल :) पण मुद्दा कळला. सहा नेहमीचे, सातवी गणपतीपुरती.

सेफ्टीबद्दल कुणी बोललंच नाही. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत अर्टिगाला पाचपैकी एक तारा वाचून बायको म्हणाली, विषय संपला.

घाटरस्ता

विषय संपत नाही, थोडा किचकट आहे. २०१९ मध्ये अर्टिगाला तीन तारे होते. २०२४ मध्ये भारतात बनलेली गाडी नव्या, कडक नियमांनी तपासली तेव्हा एक. त्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. २०२५ पासून आपल्याकडे सगळ्या अर्टिगांना सहा एअरबॅग आहेत. ट्रायबरला २०२१ मध्ये चार तारे मिळाले, पण ते जुन्या नियमांचे. जुने चार आणि नवा एक हे एका तराजूत घालू नका. ट्रायबरलाही २०२५ च्या नव्या रूपात सहा एअरबॅग आल्या. बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच तारा.

एअरबॅग वाढल्या म्हणून गाडीचा सांगाडा बदलत नाही, हे वहिनींचं बरोबर. पण त्याच वहिनींना विचारा, मागच्या रांगेत किती जण पट्टा लावतात? आपल्याकडे मागे बसलेला माणूस पट्टा लावला तर ड्रायव्हरचा अपमान झाला असं समजतो.

रेवती७

+१ पट्ट्याबद्दल. आणि चार वर्षांच्या मुलासाठी चाइल्ड सीट. ती अडकवायचे हुक, म्हणजे आयसोफिक्स, मधल्या रांगेत असतात. चाइल्ड सीट तिथे लावली की त्या बाजूने मधली सीट पुढे ढकलून मागे जाता येत नाही. मग आजी-आजोबा मागे जाणार कुठून? दुसऱ्या बाजूने. हे शोरूममध्ये चाइल्ड सीट घेऊन जाऊन करून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या.

आबा वाईकर

चाइल्ड सीट, आयसो काय ते. आमच्या वेळी जीपच्या बॉनेटवर बसवून नेत.

मोगरा

आणि म्हणून आबा, तुमच्या वेळच्या सगळ्या गोष्टी आम्ही पाळत नाही :)

सुरंगी

बराच वेळ वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. मागच्या रांगेत ज्याला गाडी लागते त्याला कधीच बसवू नका. मागच्या चाकाच्या वर बसतो आपण, प्रत्येक वळण दुप्पट जाणवतं. आमच्याकडे गाडी लागणाऱ्यांना पुढे, खिडकी अर्धी उघडी, तोंडात आलेपाक. आणि निघायच्या आधी मिसळ नाही! कराडला नाश्त्याला थांबून तर्री मारून घाट उतरणारे नातेवाईक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. डोळ्यांसमोरच काय, अंगावरही.

टवाळ

सुरंगीताई, स्वागत. पहिलाच प्रतिसाद आणि सगळ्यांची भूक घालवलीत.

कोकणकडा

अवांतर: आलेपाकापेक्षा आवळा सुपारी. आणि खिडकी उघडायची तर मागच्या रांगेची काच उघडत नाही हेही लक्षात घ्या, बहुतेक गाड्यांत ती पक्की असते.

पिस्टन

अवांतरच चाललंय तर, सेकंड हँडचा विचार केला का? बारा लाखांत तीन-चार वर्षं वापरलेली कारेन्स मिळू शकते. २०२२ ला आली. ४५४० मिमी लांब, पहिल्यापासून सहा एअरबॅग, वरच्या व्हेरिअंटमध्ये मधली सीट बटणावर उलटते, मागे जाणं सोपं. किंवा जुनी इनोव्हा. इनोव्हाला मरण नाही.

हिशेबनीस

इनोव्हाला मरण नाही, पण पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी आहे. जुनी इनोव्हा घेताना ती आधी पिवळ्या पाटीची टॅक्सी होती का ते आरसीवरून बघा. टॅक्सीची खासगी करून विकतात, मीटर काहीही दाखवत असतं. सर्व्हिसिंगच्या नोंदी, विम्याचे क्लेम, बँकेचा बोजा उतरला आहे का, एवढं तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदरही नव्यापेक्षा जास्त असतो.

घाटरस्ता

सर्व्हिसिंगवरून आठवलं. गावाजवळ कुठलं वर्कशॉप आहे ते बघून गाडी निवडा. माझ्या एका गाडीचा क्लच गणपतीत गावी गेला. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तेही सुट्टीवर. कंपनीचं नाव घेत नाही, गाडी विकून टाकली. अर्टिगाचे पार्ट आणि मेकॅनिक तालुक्याच्या गावी मिळतात, हा तिचा सगळ्यात न दिसणारा गुण. टॅक्सीवाले उगाच घेत नाहीत.

टवाळ

टॅक्सीवाले घेतात हाच तर तिचा दोष! माझा मेहुणा पांढरी अर्टिगा घेऊन विमानतळावर भावाला आणायला गेला. एक बाई सरळ मागे बसल्या आणि ओटीपी सांगू लागल्या.

रेवती७

पांढरी घेऊच नका. तपकिरी, निळी काहीही.

सातासमुद्रापार

ओटीपी बरोबर होता का?

चिंचवडी

शनिवारी सगळे मिळून शोरूम फिरलो. रेवती यांच्या सांगण्यावरून चाइल्ड सीटही नेली. सेल्समन खरंच हसला.

बोलेरो निओत आईने पायदानावर पाय ठेवला, वर बघितलं आणि 'तुम्ही जाऊन या' म्हणाली. मुलगा रडकुंडीला आला. ट्रायबर आईला फार आवडली, चढायला-उतरायला बेताची, पण बाबा सहा फूट आहेत आणि त्यांना मधल्या रांगेत पाय सरळ करता येईनात. पुढची सीट पुढे घेतली तर मला चालवता येईना. सात जण बसवून उड्डाणपूल चढवून बघितला. चढली, पण बाबांनी गिअर किती वेळा बदलला ते मोजत असल्यासारखा चेहरा केला.

अर्टिगात आई मधल्या रांगेत डावीकडे, बाबा पुढे, मधे उजवीकडे चाइल्ड सीट, मागे मोठा मुलगा आणि बायको. बहीण आली की ती आईशेजारी मधे, चाइल्ड सीटला खेटून. बहीण नसेल तेव्हा बायको मधे सरकली आणि मागची अर्धी सीट पाडली तर बॅगा बसतात. बायकोने एका ताऱ्याचा विषय पुन्हा काढला. 'गाडी ऐंशीच्या वर न्यायची नाही' अशी तिची अट आहे. सगळ्यांनी पट्टे लावायचे हीसुद्धा तिचीच अट, बाबांसकट.

पेट्रोल मधलं व्हेरिअंट, साडेअकराच्या जवळपास बसतंय. सीएनजी नाही, डिकीमुळे. आता डीलर विमा आणि ॲक्सेसरीज मिळून बरेच हजार वाढवून सांगतोय. ते घ्यावंच लागतं का?

हिशेबनीस

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेर दोन-तीन कंपन्यांचे दर काढा, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणं) आणि आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखाच ठेवून, आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. बहुतेक वेळा तेच दर खाली आणतात. 'लॉजिस्टिक' किंवा 'हँडलिंग' या नावाची ओळ कोटेशनवर असेल तर खोडायला लावा.

घाटरस्ता

मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप बाहेरून. कॅरिअर मात्र चांगल्यातला घ्या, चार पैसे गेले तरी. आणि डिलिव्हरीच्या आधी दिवसाउजेडी गाडी बघा: रंग, काचांवरचा बनावटीचा महिना, स्टेपनी, जॅक.

मोगरा

कुठला रंग?

चिंचवडी

पांढऱ्याला लगेच मिळते, निळ्याला थांबावं लागेल म्हणतात. गणपतीच्या आत हवी आहे.

टवाळ

पांढरी घ्या. विमानतळावर उभी केलीत तर हप्ता निघेल.